प्लेनोहून आलेली खोकी

अरविंद गेल्यावर शैलजा खानझोडेला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, आता तिथं कशाला राहतेस? 'तिथं' म्हणजे साउथ डकोटात, अमेरिकेतल्या मूळनिवासी लकोटा जमातीच्या राखीव प्रदेशाला लागून असलेल्या एका गावात. किराण्याचं दुकान एक, पेट्रोल पंप एक आणि मराठी घर एक.

शैलजा मूळची यवतमाळची. नागपूरला लॅबचा कोर्स केला, डॉक्टर नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली आणि 'दोन वर्षं काढू, मग शहरात जाऊ' म्हणत म्हणत दोघं इथेच राहिली. अरविंद सरकारी दवाखान्यात डॉक्टर, ती तिथल्याच लॅबमध्ये. एकतीस वर्षं तिनं या लोकांचं रक्त काढलं. दुकानात कुणी समोर आलं की तिला आधी त्यांची साखर किती ते आठवायचं, मग नाव.

नवरा गेला त्या उन्हाळ्यात तिनं पोस्टात एक कागद चिकटवलेला पाहिला. जमातीनं स्वतः उभारलेल्या आणि स्वतःच चालवलेल्या कॉलेजात, माळावरचे कंद खणून वाळवायचे कसे ते शिकवणार होते. वयाची अट नाही, कुणीही यावं. कॉलेज तिच्या घरापासून चार मैलांवर होतं. एवढ्या वर्षांत ती एकदाही आत गेली नव्हती. घर खायला उठत होतं म्हणून गेली.

वर्ग घेणारी लोरेटा त्या विभागाची प्रमुख होती. थोराड बांधा, आखूड केस, बोलणं मोजकं. कॉलेजचं वय उलटून गेलेल्यांना शिकवायचं, हेच तिच्या विभागाचं काम. म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर, तरुण आयांना ट्रकचं लायसन्स, भाषा विसरत चाललेल्यांना लकोटा भाषा, शाळा अर्धवट सुटलेल्यांना बारावीच्या तोडीची परीक्षा. तिनं शैलजाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू लॅबवाली. वीस वर्षं माझं रक्त काढलंस. गणित येतं का तुला?"

"येतं."

"मग परवा ये. माझा गणिताचा मास्तर सोडून गेलाय."

अशी शैलजा मास्तरीण झाली. आठवड्यातून दोन दुपारी, वर्गात नऊ ते बारा माणसं, सगळ्यात लहान तीसची आणि सगळ्यात मोठा मार्विन, अठ्ठावन्नचा. मार्विननं सव्वीस वर्षं रस्त्याच्या कामावर काढली होती. त्याला मुकादम व्हायचं होतं आणि त्यासाठी परीक्षा पास होणं भाग होतं. अपूर्णांक म्हटलं की त्याच्या कपाळाला घाम यायचा. शैलजानं एक दिवस पुस्तक मिटलं आणि विचारलं, डांबरात खडी किती घालता? त्यानं एका दमात सांगितलं. थंडीत किती, उन्हाळ्यात किती, चढावर किती. "हेच अपूर्णांक," ती म्हणाली. "टीचर," तो म्हणाला, "मग शाळेत चाळीस वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं का नाही?"

या वर्गाला दोन गोष्टींची अडचण होती. परीक्षा कॉम्प्युटरवर असते आणि वर्गातले निम्मे लॅपटॉप बंद पडलेले. शिवाय बहुतेकांना जवळचं दिसत नव्हतं. हिवाळ्यात टेक्ससमधल्या प्लेनोहून विवेकचा फोन आला तेव्हा ती सहज हे बोलून गेली. विवेक अरविंदचा पुतण्या. नागपूरहून टेक्ससला येऊन वीस वर्षं झाली होती, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि तिथल्या मराठी मंडळाच्या सेवा समितीचा अध्यक्षही.

"काकू, आधी का नाही बोललात?" तो म्हणाला. "आम्ही दर वर्षी एक प्रोजेक्ट घेतोच. तुमचं कॉलेज अ‍ॅडॉप्ट करून टाकू! आमच्या अनयालाही कॉलेज अ‍ॅप्लिकेशनसाठी काहीतरी स्ट्राँग हवंच होतं."

'अ‍ॅडॉप्ट' हा शब्द शैलजाला जरा खटकला. पण आपल्या माणसांना आपलं काम दाखवायला मिळणार, याचा आनंद त्यापेक्षा मोठा होता. तिनं लोरेटाकडून यादी घेतली. चालू स्थितीतले बारा लॅपटॉप, जवळचे चष्मे, आलेखाच्या वह्या. यादी देताना लोरेटा एवढंच म्हणाली, "यादीबाहेरचं काही नको म्हणून सांग." शैलजानं सांगितलं. दोनदा सांगितलं.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी कॉलेजच्या आवारात मोठा ट्रक शिरला. त्याच्यामागे भाड्याच्या पाच गाड्या, विमानतळावरून आलेल्या. बावीस माणसं उतरली. सगळ्यांच्या अंगात सारखे केशरी टी-शर्ट, छातीवर मंडळाचं नाव आणि पाठीवर इंग्रजीत 'इंडियन्स फॉर इंडियन्स'. कॅमेरावालाही टेक्ससहूनच आणला होता. शैलजा धावत पुढे झाली. कितीतरी दिवसांनी एवढं मराठी कानावर पडत होतं. कुणी तिच्या पाया पडलं, कुणी चकल्यांचा डबा हातात दिला. तिला भरून आलं.

मग ट्रकचं दार उघडलं. एकशे चाळीस खोकी होती.

"विवेक," ती म्हणाली, "यादीत तर एवढं नव्हतं रे."

"अहो काकू, लोकांनी दिल खोलून दिलंय! गॅरेजेस रिकामी झाली सगळ्यांची."

खोकी व्यायामशाळेत नेऊन रचली. आधी वासच आला. डांबरगोळ्या, ओलसर गालिचा आणि जुनं तळणीचं तेल यांचा मिळून एक वास. शैलजानं हौसेनं पहिलं खोकं फोडलं. आत गरब्याचे घागरे होते, काखेत घामाचे पांढरे डाग वाळून कडक झालेले. दुसऱ्यात हॉटेलातून उचललेल्या शाम्पूच्या बाटल्या, निम्म्या फुटून चिकट झालेल्या. तिसऱ्यात तिचा हात कशाला तरी मऊ लागला म्हणून तिनं ओढून काढलं, तर ती वापरलेली चड्डी होती. न धुतलेली. तिनं हात झटकला आणि तळवा जीन्सला पुसत राहिली.

एकतीस वर्षं तिनं लघवीच्या आणि थुंकीच्या बाटल्या हाताळल्या होत्या, कधी नाक मुरडलं नव्हतं. आजाऱ्याची घाण निराळी असते. ही घाण धडधाकट, खाऊनपिऊन सुखी माणसांनी घडी घालून, खोक्यावर सेलोटेप लावून, वर 'लव्ह फ्रॉम प्लेनो' लिहून पाठवली होती.

ती पुढची खोकी फोडत गेली, कारण कुठेतरी चांगलं असेलच असं तिला वाटत होतं. रबर नसलेला कुकर. एका पायाचे बूट. वापरून निम्म्या झालेल्या लिपस्टिक. भारतातून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं, मुदत संपून चार वर्षं झालेली. पोरांच्या शाळेतले चषक, ज्यांच्यावर त्यांचीच नावं होती. बुरशी आलेल्या उशा. लॅपटॉप होते, पण सोळांपैकी चौदा मेलेले, काहींच्या बॅटऱ्या फुगून टम्म झालेल्या. चष्मा एकही नव्हता, आलेखाची वहीही नव्हती.

तिकडे माणसं जमली होती. तिच्या वर्गातले सगळे आले होते, मार्विन स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून. लोरेटाच्या विभागातल्या बायकांनी पाहुण्यांसाठी सूप आणि बोरांचा गोड रस्सा केला होता. विवेकनं माईक घेतला. "तुम्हीही इंडियन, आम्हीही इंडियन," असं म्हणून तो थांबला, लोक हसतील म्हणून. केशरी शर्टवाले हसले.

मग फोटो सुरू झाले. कॅमेरावाल्यानं चालणाऱ्या दोन लॅपटॉपपैकी एक मार्विनच्या हातात दिला. अनयानं दुसरीकडून धरला. विवेकची सोळा वर्षांची पोर, दातांना तारा, हसायला शिकवल्यासारखी हसणारी. क्लिक झालं. मार्विननं लॅपटॉप छातीशी धरला आणि तो आपल्या खुर्चीकडे निघाला. कॅमेरावाल्यानं त्याला थांबवलं, हसत हसत लॅपटॉप काढून घेतला आणि पुढच्या माणसाच्या हातात दिला.

मार्विन शैलजाजवळ आला. "टीचर," तो हळूच म्हणाला, "तो माझा नव्हता का?"

तोच लॅपटॉप अकरा जणांच्या हातातून फिरला. अकरा फोटो निघाले.

तिच्या मागे सूपच्या रांगेत दोन केशरी शर्ट उभे होते. त्यातला एक, पन्नाशीचा, मराठीत म्हणाला, "यांना काय करायचंय यार शिकून? सरकार देतं, हे बसून खातात. संध्याकाळ झाली की पितात." दुसरा म्हणाला, "जाऊ दे, आपल्याला काय, पोरांचे समाजसेवेचे अवर्स भरले की बस." आणि त्यांच्यापुढे लोरेटाची बहीण त्यांच्या वाटीत सूप वाढत होती.

वळून त्याच्या थोबाडीत द्यावी असं शैलजाला वाटलं. पण तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट आठवली. हेच वाक्य, याच शब्दांत, तिनं स्वतःच्या दिवाणखान्यात ऐकलं होतं. शिकागोहून अरविंदचे मित्र आले होते, ती पोह्यांच्या बशा फिरवत होती आणि ऐकून हसली होती. त्या दिवाणखान्यात एकतीस वर्षांत एकही लकोटा माणूस जेवायला आला नव्हता. ना दवाखान्यातली नर्स, ना बर्फात अडकलेली तिची गाडी दोनदा ओढून काढणारा शेजारी. मनाई कुणीच केली नव्हती. बोलवायचं सुचलंच नव्हतं. बाकीच्यांची किळस येत होती तोवर ठीक होतं. आता स्वतःचीच यायला लागली. हातातली सूपची वाटी तिनं तशीच खाली ठेवली.

तिनं विवेकला बाहेर आवारात नेलं. रागावली की तिची भाषा यवतमाळला जायची.

"काहून आणलं बापा हे? लोकांच्या चड्ड्या काहून आणल्या?"

"काकू, व्हॉलंटिअर्सनी सॉर्ट नसेल केलं नीट. एवढं काय? गरिबाला काहीही उपयोगी पडतं."

"हे गरीब म्हणून नाही आले विवेक, विद्यार्थी म्हणून आले आहेत. हे सगळं ट्रकात भर आणि परत ने."

"ट्रक गेला. वन-वे होता."

"मग गाड्यांत भर."

विवेकनं घड्याळाकडे पाहिलं. "काकू, आम्हाला तीनला निघायचंय. रशमोरचं बुकिंग आहे सगळ्यांचं." मग आवाज चढवून म्हणाला, "तुमच्यासाठी केलं हे. थँक यू सोडा, वर चिखलफेक करताय?"

तीन वाजता पाचही गाड्या गेल्या, ज्या डोंगरांना लकोटा लोक अजूनही आपले म्हणतात, त्यांत कोरलेले अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे चार चेहरे बघायला. चालणारे दोन लॅपटॉप ते बरोबर घेऊन गेले. ते अनयाच्या शाळेचे निघाले.

गाड्या दिसेनाशा झाल्यावर लोरेटानं किल्ल्यांचा जुडगा काढला आणि शैलजाला कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या गोदामापाशी नेलं. दार उघडलं. आत छतापर्यंत खोकी होती. एका चर्चचं नाव, एका विद्यापीठाचं, एका बँकेचं. एका कोपऱ्यात लग्नाचे वापरलेले पांढरे झगे लटकत होते.

"दर वर्षी येतात," लोरेटा म्हणाली. "बर्फ वितळलं की यांची सेवा सुरू होते. आम्ही जेवायला घालतो, आभार मानतो. मग कचरा टाकायला आमचीच माणसं आणि आमचाच दिवस जातो."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुझी माणसं आहेत म्हणालीस. वाटलं, तुझी वेगळी असतील."

शैलजा तिथेच एका खोक्यावर बसली. माफी मागायला तोंड उघडलं तर लोरेटानं हात वर केला. "ते नंतर. उद्या रविवार आहे. मार्विनकडे पिकअप आहे. हातमोजे घेऊन ये."

तीन दिवस लागले. मार्विन, वर्गातल्या दोघी बहिणी आणि शैलजा. एकेक खोकं फोडून पाहिलं. एकशे चाळीसपैकी नऊ खोक्यांतलं सामान धड निघालं, त्यात लहान मुलांचे गरम कोट होते, तेवढे ठेवले. बाकीचं पिकअपमध्ये भरून कचरा डेपोवर. अकरा खेपा झाल्या. जूनच्या उन्हात बुरशीच्या उशांना असा वास सुटला की मार्विननं रुमाल बांधला. एका खेपेला त्यानं शाळेचा एक चषक उचलून पाहिला. "स्पेलिंग बी, दुसरा क्रमांक," त्यानं वाचलं. "यांना वाटलं, मला हे हवं असेल?" तो हसला नाही. चषक ढिगावर फेकला आणि पुढचं खोकं उचललं.

शैलजानं प्रत्येक खोक्याचा फोटो काढला होता. चौथ्या दिवशी तिनं ते मंडळाच्या ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं: 'हे आपण पाठवलं. यादी तीन ओळींची होती. त्यातलं एकही आलं नाही.' मग कुणीतरी 'इन्टेन्शन महत्त्वाचं असतं काकू' म्हणून हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याखाली सदतीस हात जोडले गेले. संध्याकाळपर्यंत विवेकनं तिला ग्रुपमधून काढून टाकलं होतं. फोन करून म्हणाला, "चार लोकांत नाक कापलंत आमचं. काका असते तर..."

"काका असते तर तुझ्यासारखेच बोलले असते," शैलजा म्हणाली. "आणि मी हसले असते. आता नाही हसणार."

ऑगस्टमध्ये अनयाचा निबंध आला, ईमेलवर. 'आजी, प्लीज चेक धिस.' मार्विनवरच होता. नाव बदललं होतं, पण डांबराचे डाग पडलेले हात तेच. त्या हातांनी पहिल्यांदा लॅपटॉप धरला तेव्हा त्याचे डोळे कसे पाणावले आणि कृतज्ञता म्हणजे काय ते आपल्याला कसं कळलं, असं लिहिलं होतं. शैलजानं दोनदा वाचलं. उठून ती बेसिनपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि फोन लावला.

"अनया, तो लॅपटॉप त्याच्या हातातून काढून घेतला होता. तू दुसऱ्या बाजूनं धरला होतास."

"आजी, इट्स जस्ट अ‍ॅन एसे."

"त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं बाळा. त्यानं मला विचारलं, तो माझा नव्हता का. ते लिही. तेवढंच लिही, खरं होईल."

"मॉम सेज यू आर बीइंग मीन," अनया म्हणाली आणि फोन ठेवला. निबंधात पुढे काय झालं, ते शैलजाला कधी कळलं नाही.

त्या महिन्यात तिनं लोरेटाला आणि मार्विनला घरी जेवायला बोलावलं. भरलेली वांगी केली, भाकरी केल्या. लोरेटानं भिंतींवरचे फोटो नीट पाहिले, मनापासून जेवली आणि निघताना दारात म्हणाली, "जेवण चांगलं होतं. उशिरा होतं, पण चांगलं होतं."

मदत घेऊन येऊ म्हणणाऱ्यांना पाठवायचं एक पत्र कॉलेजसाठी तयार करायचं काम लोरेटानं तिलाच दिलं. "तुझ्या माणसांची भाषा तुला येते," ती म्हणाली. शैलजानं तीनदा खोडून लिहिलं. पहिल्यात राग फार होता, दुसऱ्यात गयावया. तिसरं अर्ध्या पानाचं झालं. आम्ही सांगू तेच आणा. नवं नाहीतर चालू स्थितीतलं आणा. फोटो नाहीत. टाकाऊ सामान आणल्यास ते परत न्यावं लागेल, आणि कॉलेज आभाराचं पत्र देणार नाही. पुढच्या दोन महिन्यांत तीन संस्थांना ते पत्र गेलं. दोघांनी परत संपर्कच केला नाही. तिसऱ्या संस्थेच्या, मिनेसोटातल्या एका सेवानिवृत्त शिक्षिकेनं, गाजावाजा न करता चाळीस चष्मे पाठवले, निरनिराळ्या नंबरांचे, आणि सोबत एक ओळ: 'कमी पडले तर कळवा.'

मार्विन ऑक्टोबरमध्ये गणितात नापास झाला, चार गुणांनी. डिसेंबरात परत बसला आणि पास झाला. मुकादमाच्या जागेसाठी त्याचा अर्ज गेला आहे. लॅपटॉप अजून आलेले नाहीत. बंद पडलेले दोन त्यानंच उघडून एकाचे भाग दुसऱ्याला लावले आणि एक चालू केला.

मंडळाच्या वार्षिक संमेलनात त्या शनिवारची चित्रफीत दाखवली गेली आणि सेवा समितीला ढाल मिळाली. ती चित्रफीत अजून इंटरनेटवर आहे. काढा म्हणून शैलजानं तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. सुरुवातीलाच ती स्वतः दिसते, चकल्यांचा डबा छातीशी धरून, आनंदानं फुललेली.

परवा विवेकचा मेसेज आला, इतक्या महिन्यांत पहिलाच. 'काकू, झालं गेलं विसरून जाऊ. यंदा अ‍ॅरिझोनातलं एक ट्रायबल कॉलेज घेतोय. तुमच्या कॉन्टॅक्ट्सपैकी कुणी आहे का तिकडे?'

शैलजा तो मेसेज घेऊन तशीच लोरेटाच्या खोलीत गेली. लोरेटानं चष्मा लावून वाचला, टेबलावरचा फोन ओढला आणि तिकडच्या कॉलेजातल्या आपल्या ओळखीच्या बाईचा नंबर फिरवला.

"मी लोरेटा," ती म्हणाली. "ऐक, तुमच्याकडे टेक्ससहून माणसं येणार आहेत. केशरी शर्टवाली. हो, खोकी घेऊन. नाही म्हण. आजच म्हण."

मग तिनं फोन शैलजाच्या हातात दिला. "पुढचं तू सांग," ती म्हणाली. "काय काय निघालं ते सगळं सांग. चड्ड्यांसकट."

शैलजा खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली.